फडताळातील रोपवाटिका : कृत्रिम प्रकाशाची निवड आणि मर्यादा

स्वरस व कल्क या कल्पनांसाठी ताजी वनस्पती आवश्यक असते. गुडूची, कुटज, वासा, कूष्माण्ड, शतावरी, अश्वगंधा इत्यादी द्रव्ये सदैव आर्द्रच योजावीत आणि ती आर्द्र आहेत म्हणून त्यांचे प्रमाण दुप्पट करू नये, असा शार्ङ्गधराचा निर्देश आपणा सर्वांस परिचित आहे. बाजारात मात्र यांपैकी बहुतेक द्रव्ये शुष्क स्वरूपातच हाती येतात. म्हणून चिकित्सालयाच्या आवारात औषधी वनस्पतींचे चार वाफे असणे ही वैद्याची हौस नसून गरज आहे.

अंतरवाली सराटीसारख्या अंबड तालुक्यातील गावी या कामातील खरी अडचण उन्हाळ्याची आहे. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते, पाणी जपून वापरावे लागते आणि उघड्यावरील कोवळी रोपे करपतात. हीच रोपे घरातील फडताळात दिव्याच्या प्रकाशावर वाढवून मृगाच्या पावसानंतर बाहेर लावता येतात. त्यासाठी दिवा कोणता घ्यावा व त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रकाशाचे मापन

दिव्याच्या वेष्टनावर छापलेले ल्युमेन हे माप मानवी डोळ्याच्या संवेदनेवर आधारलेले आहे. वनस्पती प्रामुख्याने ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरते व त्याचे मोजमाप दर चौरस मीटरला दर सेकंदास किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात, यावरून करतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा सुमारे २००० असतो. बीजांकुर व कोवळ्या रोपांस १०० ते २०० पुरेसा होतो. मात्र तो रोज १४ ते १६ तास मिळावा लागतो.

हे मोजण्याचे खास उपकरण महाग असते. साध्या लक्समापकाने काम भागवायचे असल्यास, पांढऱ्या एलईडी प्रकाशासाठी लक्सच्या आकड्यास ७० ने भागावे. रोपाच्या शेंड्यापाशी १०,००० लक्स भरल्यास ते सुमारे १४० मायक्रोमोल होतात. हा ढोबळ हिशेब आहे, तथापि आपल्या कामास पुरेसा आहे.

दिव्यांचे प्रकार

१. तारेचा जुना बल्ब : यातील बहुतांश ऊर्जा उष्णतेत जाते. रोपे भाजतात आणि प्रकाश अपुराच पडतो. हा टाळावा.

२. फ्लुरोसंट नळी व सीएफएल : रोपवाटिकेस चालते, परंतु वीज अधिक लागते, काळानुसार प्रकाश मंदावतो आणि फुटल्यास पाऱ्याचा उपद्रव होतो. औषधे ठेवण्याच्या खोलीत नसलेली बरी.

३. जांभळट एलईडी : लाल व निळा प्रकाश वनस्पतीस उपयोगी असतो हे खरे, पण या उजेडात पानांचा पिवळेपणा, डाग व कीड ओळखता येत नाही. ज्याला द्रव्यपरीक्षा करावयाची आहे, त्याच्यासाठी हा मोठाच दोष होय.

४. पांढरी एलईडी नळी : ४००० ते ६५०० केल्विन रंगछटेची. स्वस्त, तालुक्याच्या गावी सहज मिळणारी व बदलण्यास सोपी. आपल्या कामास हीच योग्य.

'हजार वॅटच्या तोडीचा' अशा जाहिरातींकडे लक्ष देऊ नये. दिवा प्रत्यक्षात किती वॅट वीज घेतो, एवढेच विचारावे.

एक उदाहरण

चार फूट लांब व दीड फूट रुंद कप्पा घेतल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.५६ चौरस मीटर भरते. त्यावर २० वॅटच्या चार नळ्या लावल्या, प्रत्येकीचा प्रकाश २००० ल्युमेन धरला आणि चतुर्थांश प्रकाश वाया जातो असे मानले, तर रोपांवर सुमारे १५० मायक्रोमोल प्रकाश पडतो. रोज १४ तासांस १.१२ युनिट, म्हणजे महिन्यास सुमारे ३४ युनिट वीज लागते. दोनच नळ्यांवर भागवल्यास खर्च निम्मा होतो. परंतु रोपे प्रकाशाच्या शोधात उंच, बारीक व फिकट होतात.

नळ्या शेंड्यांपासून १५ ते २५ सेंटीमीटरवर ठेवाव्यात व रोप वाढेल तशा वर घ्याव्यात. कप्प्याच्या भिंतींना पांढरा चुना दिल्यास वाया जाणारा प्रकाश परत मिळतो.

उष्णता, वारा व वीज

फडताळाची दारे उघडी ठेवावीत. उन्हाळ्यात दिवे सायंकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत लावावेत, म्हणजे दिव्याची उष्णता व दुपारची उष्णता एकत्र येत नाहीत. कोंदट हवेत रोपे बुडापाशी कुजून कोलमडतात. त्यासाठी लहान पंखा मंद गतीने चालू ठेवावा. वेळ पाळण्यास टायमर बसवावा. पाणी व वीज जवळजवळ असल्याने अर्थिंग व ओलसर जागेस योग्य जोडणी यांत काटकसर करू नये.

मर्यादा

चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात औषधीसंग्रहासाठी भूमी सांगताना, जेथे यथाकाल थंडी, ऊन, वारा व पाणी यांचे सेवन घडते, अशा देशाचा निर्देश आहे. दिवा आतपाची जागा थोडीफार घेतो; ऋतूची घेत नाही. आधुनिक अभ्यासांतही तुळशीच्या जातींमध्ये कमी प्रकाशात सुगंधी तेलाचे प्रमाण घटल्याचे आढळले आहे. पान हिरवेगार दिसते म्हणून ते वीर्यवान असेलच, असे मानता येत नाही.

म्हणून फडताळाचा उपयोग रोपे तयार करण्यापुरता ठेवावा. तुळस व शतावरीचे बी, अडुळसा व गुळवेलीच्या कांड्या यांस तो उत्तम. मंडूकपर्णी अर्धसावलीत रमणारी असल्याने तिची रोपेही चांगली टिकतात. अश्वगंधा-शतावरीसारखी मूलद्रव्ये मात्र शेतातच, पूर्ण काळ घेऊन पक्व व्हावी लागतात. बाहेर लावण्यापूर्वी रोपांस आठ-दहा दिवस प्रथम सावलीत, नंतर कोवळ्या उन्हात ठेवून सवय करावी.

औषधनिर्मात्यांनी एक पथ्य पाळावे. औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची टी कच्च्या द्रव्याची ओळख व नोंद यांवर भर देते. प्रत्येक तबकास वनस्पतीचे नाव, बियाण्याचे मूळ व पेरणीची तारीख यांची चिठ्ठी असावी. कारण दोन पानांच्या अवस्थेत पुष्कळ रोपे सारखीच दिसतात. तेथे झालेली चूक पुढे रुग्णाच्या औषधात उतरते, आणि ती कोणताही दिवा दाखवू शकत नाही.