कण्याचा संधिवात : रक्ताचे अहवाल काय सांगतात?

कण्याच्या संधिवाताचे, म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचे रुग्ण दवाखान्यात येतात ते बहुधा रक्ताचे रिपोर्ट हातात घेऊनच. ‘डॉक्टर, ई.एस.आर. वाढलाय, रोग वाढला का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. म्हणून आज या तपासण्यांविषयीच लिहितो.

हा आजार बहुधा विशी-तिशीत सुरू होतो. कंबर पहाटे जास्त दुखते, उठल्यावर अर्धा तास किंवा अधिक वेळ ताठरलेली राहते, हालचाल केली की मोकळी होते. ओझे उचलून धरलेली कंबर याच्या उलट वागते. तिला विश्रांतीने आराम पडतो. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे सांधेदुखीची घरोघर पाहणी केली. अंगदुखी-कंबरदुखीवाले पुष्कळ निघाले, या आजाराचे मात्र अगदी थोडे. तेव्हा प्रत्येक कंबरदुखीला या तपासण्या नकोत.

ई.एस.आर.साठी रक्त उभ्या बारीक नळीत तासभर ठेवतात आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. अंगात दाह असला की रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिने वाढतात, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर बसतात. तपासणी स्वस्त, लहान गावातही होणारी. पण रक्तक्षय, गरोदरपण, वाढते वय यांनीही आकडा चढतो, आणि आपल्याकडे बायकांत रक्तक्षय किती, हे काय सांगायचे! शिवाय दाह शमल्यावरही हा आकडा उतरायला काही आठवडे घेतो.

सी.आर.पी. हे यकृतात तयार होणारे प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. दाह सुरू होताच काही तासांत ते वाढते आणि दाह थांबला की साधारण दर १९ तासांनी निम्मे होते. म्हणून औषध लागू पडले का, हे पाहायला मी सी.आर.पी.च पसंत करतो. मात्र घसा, दात, लघवी यांच्या संसर्गानेही ते चढते. ताप असताना ही तपासणी करून घाबरून जाऊ नये.

आता उलट बाजू. बेलपाड्याहून (ता. पनवेल) येणारा एक तरुण सकाळी पायमोजे घालायलाही धाकट्या भावाची मदत घेई. सी.आर.पी. मात्र दर वेळी नॉर्मल. घरचे म्हणू लागले, ‘रिपोर्ट चांगला आहे, मग हा कामावर का जात नाही?’ एम.आर.आय. केला तेव्हा माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना असणाऱ्या सांध्यांत दाह स्पष्ट दिसला. या आजारात रोग जागा असूनही रक्ताचे आकडे नॉर्मल असणारे रुग्ण थोडेथोडके नाहीत. रिपोर्ट नॉर्मल म्हणून कोणाला ढोंगी ठरवू नये, आणि औषध आपल्या मनाने बंदही करू नये.

याउलट सी.आर.पी. सतत चढे राहिले तर मणके जुळून जाण्याचा धोका अधिक. पण अशाच रुग्णांना टी.एन.एफ. रोखणारी इंजेक्शने चांगली लागू पडतात. ती देण्यापूर्वी दबलेला क्षयरोग नाही ना, हे तपासावेच लागते.

एच.एल.ए.-बी२७ची तपासणी दर वर्षी करणारेही भेटतात. पैसे फुकट! तो जन्मजात गुण आहे, एकदा पाहिला की पुरे. रोगाच्या चढउताराशी त्याचा संबंध नाही.

१९९४ साली इंग्लंडमधील बाथ येथील डॉक्टरांनी थकवा, दुखणे, सकाळचा ताठरपणा यांवर सहा प्रश्नांची पट्टी तयार केली. पुढे आलेल्या ‘असडास’ मोजणीत रुग्णाची उत्तरे आणि सी.आर.पी. एकत्र धरतात : १.३ च्या खाली रोग शांत, ३.५ च्या वर अतिशय जोरात. यासाठी तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, आणि येताना रिपोर्टसोबत सकाळी कंबर किती मिनिटे ताठरते, याची महिनाभराची नोंदवही आणावी.