चाक मोठे, घर तेवढेच

रस्त्याने धावणारी मोटार पाहताना आपले लक्ष तिच्या रंगाकडे जाते, वेगाकडे जाते. परंतु ज्या चाकांवर ती उभी असते त्यांच्याकडे क्वचितच जाते. वस्तुतः एवढी जड गाडी जमिनीला टेकते ती अवघ्या चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणचा स्पर्श जवळजवळ तळहाताएवढाच असतो. गाडीतील माणसांचे प्राण त्या चार तळहातांवर असतात, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

अलीकडे आपल्या बेळगाव-निपाणी भागात जीपच्या वळणाच्या उंच गाड्या पुष्कळ झाल्या आहेत. खानापूर-जांबोटीकडील पावसाळी वाटा, निपाणीकडील काळी चिकण माती, उसाच्या फडापर्यंत गेलेल्या पाणंदी आणि चोर्ला, आंबोली ह्यांसारखे घाट पाहता अशा गाड्या येथे सोयीच्या ठरल्या, ह्यात नवल नाही. मात्र त्यांबरोबर एक हौसही आली आहे. गाडीच्या स्प्रिंगांची उंची तशीच ठेवून नुसते मोठे टायर चढवावयाचे! गाडी भारदस्त दिसते आणि दगड-धोंडे खालून लागत नाहीत, अशी समजूत त्यामागे असते. ह्या हौशीचा जमाखर्च गणित व पदार्थविज्ञान ह्यांच्या आधारे मांडून पाहावा, एवढाच ह्या लेखात आमचा हेतू आहे.

आपल्याकडील लाकडी बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवीत असत. पुढे रबरी चाकांची गाडी आली व लोक तिला डनलॉप गाडी म्हणू लागले. हे नाव जॉन बॉइड डनलॉप ह्या पशुवैद्याच्या आडनावावरून आले. त्याने १८८८ साली बेलफास्ट येथे आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेला टायर तयार केला होता. चाक लाकडाचे असो वा रबराचे, गाडी घडविणारा कुशल सुतार ते एकटे कधीच पाहत नसे. चाकाची उंची बदलली की दांडीचा कल बदलतो, जू वरखाली होते आणि बैलांच्या मानेवर येणारा भारही बदलतो, हे तो जाणून असे. एका अंगात केलेला बदल सर्व अंगांना भोवतो, हे सूत्र मोटारीलाही तंतोतंत लागू पडते.

आता टायरच्या बाजूवर उमटविलेले आकडे वाचावयास शिकू या. बोलेरोच्या पुष्कळ गाड्यांवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले आढळते. ह्यातील २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आहे. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ७५ आहे. आर हे अक्षर रेडियल रचनेचे आणि १५ हा लोखंडी रिंगेचा इंचांतील व्यास. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून रिंगेचा व्यास ३८१ मिलिमीटर झाला. बाजूची उंची १६१.२५ मिलिमीटर, ती वर एकदा व खाली एकदा धरली, म्हणजे चाकाचा एकूण व्यास ७०३.५ मिलिमीटर येतो.

त्याच रिंगेवर एखाद्याने २३५/७५ आर १५ हा टायर बसविला असे समजा. वरील रीतीने त्याचा व्यास ७३३.५ मिलिमीटर होतो. वाढ झाली ३० मिलिमीटरची. परंतु आस चाकाच्या मध्यभागी असल्यामुळे गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्मी, म्हणजे १५ मिलिमीटर. हा साऱ्या खर्चाचा लाभ केवळ एका बोटाच्या रुंदीएवढा आहे!

आता खर्चाची बाजू पाहू. चाकाची त्रिज्या खाली जशी १५ मिलिमीटरने वाढली, तशीच वरही वाढली. मडगार्डच्या कमानीखाली जी मोकळी जागा चाकाचे घर म्हणून राखलेली असते, ती तेवढीच कमी झाली. उंची वाढविलेल्या गाडीत ही जागा भरून निघते. न वाढविलेल्या गाडीत ती भरून निघण्याचा मार्गच नाही. रिकामी गाडी अंगणात उभी असता काहीच जाणवत नाही. परंतु माणसे व सामान भरून ती खड्ड्यात आदळली, किंवा स्टिअरिंग पूर्ण वळविले, की टायर आतील भागांना घासू लागतो आणि त्याची कड कापली जाते. त्यात आपली काळी माती! ती चाकाला थरावर थर बसते. तिला जावयास वाटच उरली नाही, तर ती चाकालाच धरून ठेवते.

दुसरा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक. वेगदर्शक काटा मूळ चाकाच्या हिशेबाने चालतो. मोठे चाक एका फेऱ्यात शेकडा ४.३ अधिक अंतर तोडते. म्हणून काटा ताशी ८० किलोमीटर दाखवीत असता गाडी खरोखर सुमारे ८३.४ च्या वेगाने जात असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शिकलाच आहात. तेव्हा गाडी थांबविण्यासाठी जी ऊर्जा शोषावयाची, ती काट्यावरून वाटते त्याहून शेकडा ८.७ नी अधिक असते. उलट ब्रेकचा पीळ तेवढाच, आणि तो आता अधिक लांब त्रिज्येवर काम करतो. त्यामुळे पायाच्या त्याच दाबाने जमिनीवर मिळणारे रोधक बल शेकडा ४ नी घटते. इंजिनाच्या ओढीचेही तेच. चढावर ती ओढ कमी पडते, आणि उतारावर खालच्या गिअरने मिळणारा आधारही कमी होतो. निपाणीजवळ महामार्गावरील तवंदी घाट ज्यांनी भरल्या गाडीने उतरला आहे, त्यांना ह्या चार टक्क्यांची किंमत निराळी सांगावयास नको.

ह्याखेरीज कायद्याचाही विचार केला पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल, असा बदल मालकास करता येत नाही. म्हणून कोणताही बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे विचारपूस करणे शहाणपणाचे होय.

मग चिखलवाटेच्या माणसाने करावे तरी काय? उत्पादकाने सांगितलेल्या मापाचाच, परंतु खोल नक्षीचा टायर घ्यावा. चिखलातील पकड वाढते ती बहुतांशी नक्षीने. हवेचा दाब दारावरील तक्त्याप्रमाणे ठेवावा. टायरवरील भारांक मूळच्यापेक्षा कमी नसावा. १०० हा भारांक म्हणजे एका टायरवर ८०० किलोग्रॅम. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली, की टायर बदलावा. जादा चाकही इतर चाकांच्याच मापाचे असावे. इतके करूनही मोठे माप घ्यावयाचेच असेल, तर व्यासातील फरक शेकडा ३ च्या आत राखण्याचा जाणकारांचा प्रघात आहे. मात्र तेवढ्याने कायद्याची अट सुटत नाही, आणि गाडी पूर्ण भरून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चाक कोठे घासते का, हेही पाहावेच लागते.

हौस वाईट नव्हे. पण हिशेबावाचूनची हौस महाग पडते. आपल्या घरी नवे टायर घेण्याची गोष्ट निघेल, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन वडील मंडळींच्या शेजारी बसा. शाळेत शिकलेल्या त्रिज्या, व्यास व वर्ग ह्यांचा याहून चांगला उपयोग क्वचितच होईल.

अभ्यासासाठी प्रश्न :

१. २२५/७५ आर १५ ह्या टायरचा व्यास काढा. वर दिलेल्या मूळ टायरऐवजी तो बसविल्यास गाडी किती मिलिमीटर उंच होईल?

२. मूळ चाक व २३५/७५ आर १५ चे चाक एक किलोमीटर अंतरात प्रत्येकी किती फेरे घेईल?