पालकांची शरम आणि राहुलाला केलेला उपदेश

मुलाच्या हातून काही गैरवर्तन घडले की शाळेचा निरोप घरी जातो आणि पालक येतात. कोणी रोजंदारी बुडवून येतो, कोणी रात्रीच्या एस.टी.ने. मुलाने सोबत्याच्या पेटीतून पैसे घेतले, कोणाला मारले किंवा रात्री कुंपण ओलांडून बाहेर गेला, एवढे सांगून होण्यापूर्वीच त्यांची मान खाली जाते. त्यानंतर बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर बाप लेकरावर हात उगारतो व 'गुरुजी, याला फोडून काढा' म्हणतो. नाहीतर आई 'माझं पोरगं तसं नाही' असे निक्षून सांगते. निवासी शाळेत वर्षानुवर्षे अध्यापन करताना आम्हांस दिसून आले आहे की, या दोन्ही उद्गारांचे मूळ एकच आहे. ते मूळ म्हणजे शरम.

आपल्या समाजात या शरमेला इतिहास आहे. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना वेगळे बसण्यासाठी तरट घरून न्यावे लागे आणि सायंकाळी ते परत आणावे लागे. कारण शाळेची झाडलोट करणारा नोकरही त्याला शिवत नसे. शाळेची पायरी अशा अपमानातून चढलेल्या समाजाला आपल्या मुलाची चूक एकट्या मुलाची वाटत नाही. इतरांच्या मुलाने केली तर ती खोडी, आपल्याने केली तर 'यांचे वळणच असे', हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या गाठीशी आहे. म्हणून बाप मुलाला म्हणतो, 'समाजाचं नाव घालवलंस.' परंतु दहा वर्षांच्या खांद्यावर संपूर्ण समाजाच्या अब्रूचे ओझे ठेवणे न्याय्य नव्हे. त्या ओझ्याखाली मूल सुधारत नाही, ते लपवायला शिकते.

बुद्धवचनात हिरी आणि ओत्तप्प या दोन धर्मांना लोकांचे रक्षक म्हटले आहे. हिरी म्हणजे पापकर्माची स्वतःच्या मनाला वाटणारी लाज. ओत्तप्प म्हणजे त्याच्या परिणामांची भीती. या दोन्हींचा संबंध कृत्याशी आहे. 'चार लोक काय म्हणतील' या धास्तीचा संबंध मात्र केवळ पाहणाऱ्यांच्या डोळ्यांशी असतो. पाहणारे नसले की तीही नाहीशी होते. मुलाच्या ठिकाणी हिरी जागृत व्हावी असे वाटत असेल, तर पालकांनी प्रथम लोकलाजेतून बाहेर यावयास हवे.

पित्याने पुत्राशी दोषाविषयी कसे बोलावे, याचा उत्तम पाठ मज्झिम निकायातील अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात आहे. तथागत राजगृहाच्या वेळुवनात राहत होते आणि राहुल अंबलट्ठिकेत. अट्ठकथेच्या परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. सायंकाळी तथागत स्वतः त्याच्याकडे गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून तथागतांनी विचारले, हे किती थोडे आहे, पाहिलेस? जाणूनबुजून असत्य बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व एवढेच. मग ते पाणी टाकले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ करून रिते दाखवले. पुढे आरशाचा दाखला दिला. आरशात पाहावे तसे कर्म करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर त्याकडे पाहावे. त्याने स्वतःला वा इतरांना दुःख होते काय, हे तपासावे. अकुशल घडले असेल तर जाणत्यांपुढे ते उघड करावे आणि पुढे संयम पाळावा.

येथे जमाव नाही, हात उगारणे नाही, कुळाची अब्रूही नाही. दोषाला पांघरूण घालणेही नाही. याच उपदेशाचा उल्लेख सम्राट अशोकाने बैराट येथील भाब्रू लेखात केला आहे. भिक्खू-भिक्खुणींनी व उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकाव्यात म्हणून त्याने जी सात धम्मवचने नावानिशी सांगितली, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला उपदेश आहे.

बाळपणीचा दोष म्हणजे मुलाचे भविष्य नव्हे. मुंबईच्या गिरणीत नोकरी मिळवावी म्हणून लहानपणी आपण आत्याच्या कमरेचा बटवा रात्री चोरला, त्यात अवघा अर्धा आणा निघाला आणि तेव्हापासून मन लावून अभ्यास करण्याचा निश्चय केला, ही आठवण स्वतः बाबासाहेबांनी सांगितली आहे. ती लपवावी असे त्यांना वाटले नाही.

म्हणून पालकांस आमचे सांगणे असे. शाळेत आल्यावर खुर्चीवर बसा. तो आपला अधिकार आहे. शिक्षकांचे पूर्ण ऐकून घ्या, मग मुलाला एकांतात विचारा : काय घडले, कोणाला त्रास झाला, आता भरपाई कशी करशील? घेतलेले पैसे त्याच्याच हातून परत द्यावेत. ज्याला मारले त्याची क्षमा त्यानेच मागावी. 'फोडून काढा' म्हणू नका. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. पालकांच्या संमतीने ती मनाई उठत नाही. आम्हां शिक्षकांचेही कर्तव्य आहे की, हे बोलणे दार लोटून व्हावे, इतर मुलांच्या देखत होऊ नये आणि एका चुकीवरून मुलाच्या घराण्याचे मोजमाप होऊ नये.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज स्वतः पालक आहेत. आपल्या वस्तीतील एखाद्या आईबापाला असा निरोप आला, तर त्यांच्यासोबत एक दिवस शाळेत यावे. शेजारी आपले माणूस बसलेले असले की मान वर ठेवून खरे ऐकणे सोपे जाते.