सेवा म्हणजे पुन्हा जाणे



गेल्या वर्षी आपली मुले जवळच्या एका बस्तीत सेवाकार्यासाठी गेली होती. कॉप्या-पेन्सिली वाटल्या, फोटो निघाले आणि आम्ही परत आलो. निघताना तिथल्या एका मुलीने विचारले, "पुढच्या शनिवारी येणार ना?" आम्ही "हो, हो" म्हणालो आणि गेलो नाही. ही चूक मुलांची नाही, आमची आहे. म्हणून या अंकात दक्षिण आफ्रिकेतील विद्यार्थ्यांच्या सेवाकार्याचा पाठ घेत आहोत.

टाउनशिप म्हणजे काय?

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या राजवटीत काळ्या व इतर बिगरगोऱ्या लोकांना शहराबाहेर वेगळ्या वसाहतींत राहावे लागे. याच वसाहती म्हणजे टाउनशिप. १९५० च्या एका कायद्याने वंशानुसार वस्त्या ठरवून दिल्या आणि लाखो लोकांना घरे सोडावी लागली. केप टाऊनजवळची खायेलित्शा ही टाउनशिप १९८० च्या दशकात वसली. खोसा भाषेत या नावाचा अर्थ 'नवे घर' असा होतो. १९९४ साली सर्वांना मताधिकार मिळाला, नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. कायदे गेले, पण वस्त्या तिथेच राहिल्या आणि गरिबीही एकदम हटली नाही.

एका विद्यार्थ्याने केलेली सुरुवात

१९४३ साली केप टाऊन विद्यापीठात अँड्र्यू किनियर नावाचा वैद्यकीय विद्यार्थी होता. शहराच्या कडेला असलेल्या विंडरमिअर या गरीब वस्तीत लोकांना औषधोपचार मिळत नाहीत, हे त्याने पाहिले आणि सोबत्यांना घेऊन दवाखाना सुरू केला. त्यातून 'शॉको' ही विद्यार्थ्यांची संस्था उभी राहिली. पुढे फिरते दवाखाने आले, टाउनशिपमधील मुलांसाठी अभ्यासवर्गही आले. दवाखान्यात विद्यार्थी रुग्णाला तपासतात, मात्र अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणजे रुग्णाची सेवा होते आणि विद्यार्थ्याचे शिक्षणही. किनियर शिकून बाहेर पडला, तरी काम थांबले नाही. दरवर्षी नवे विद्यार्थी आले. आम्हाला यातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

आधी ऐकावे, मग शिकवावे

खायेलित्शामधील बहुतेक मुले घरी खोसा बोलतात, पण वरच्या वर्गांत गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकतात. मूल अडते ते गणितात की भाषेत, हे शिकवणाऱ्याला आधी ओळखावे लागते. घरी मराठी आणि कॉलेजात हिंदी पुस्तके, असे आमचे स्वतःचे शिक्षण झाले. त्यामुळे ही अडचण आम्हाला परकी वाटत नाही. भाषेचा प्रश्न तिथे किती खोल आहे, हे १६ जून १९७६ रोजी जगाने पाहिले. आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध सोवेटो या टाउनशिपमधील शाळकरी मुलांनी मोर्चा काढला. पोलिसांनी गोळीबार केला आणि मुले मारली गेली. आज १६ जून तिथे युवक दिन म्हणून पाळला जातो.

सदुसष्ट मिनिटे

१८ जुलै हा मंडेलांचा जन्मदिवस. त्यांनी ६७ वर्षे सार्वजनिक कार्य केले, म्हणून त्या दिवशी प्रत्येकाने ६७ मिनिटे सेवेला द्यावीत, असे आवाहन केले जाते. उपक्रम चांगलाच आहे. पण भिंत एका दिवसात रंगवता येते, भागाकार एका दिवसात शिकवता येत नाही. परदेशातून चार आठवड्यांसाठी येणाऱ्या स्वयंसेवकांबद्दलही हीच तक्रार ऐकू येते. मुलांना लळा लागतो आणि पाहुणे निघून जातात.

आपण काय करणार?

या सत्रापासून नववी आणि अकरावीची इच्छुक मुले दर शनिवारी दीड तास त्याच बस्तीत शिकवायला जातील. सोबत एक शिक्षक असतील. कॅमेरा नेला जाणार नाही. पालकांनी वर्षभराची संमती विचार करून द्यावी. मध्येच नाव काढायचे असेल तर आताच देऊ नये. विश्वस्तांना विनंती की येण्या-जाण्याची व्यवस्था करून द्यावी. त्या मुलीला दिलेला शब्द शाळेचा शब्द होता.

स्वाध्याय

१. टाउनशिप कशा निर्माण झाल्या?
२. संस्थापक विद्यार्थी गेल्यावरही 'शॉको'चे काम का चालू राहिले?
३. आपल्या बस्तीतील मुलांना काय हवे आहे? त्यांनाच विचारा आणि पाच ओळी लिहा.