केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि गावचा दवाखाना

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूची उघडली की सहाव्या नोंदीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने हे विषय सापडतात. म्हणजे दवाखाने राज्यांचे. मग दिल्लीत एवढे मोठे आरोग्य मंत्रालय कशासाठी? आमच्या गावी उपकेंद्राला कुलूप दिसले की पारावरची मंडळी थेट दिल्लीच्या मंत्र्यांना दोष देतात. तो कितपत रास्त आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

मंत्रालयाच्या वाट्याला निराळी कामे आहेत. बंदरांवरील विलगीकरण हा केंद्राचा विषय. साथीचा रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू न देणे, औषधे, अन्नातील भेसळ, वैद्यकीय व्यवसाय हे समवर्ती सूचीतील विषय. कुटुंबनियोजन त्यात १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले. राजकुमारी अमृत कौर या पहिल्या आरोग्यमंत्री; दिल्लीची 'एम्स' ही संस्था त्यांच्या काळात, १९५६ च्या कायद्याने उभी राहिली. आज मंत्रालयात दोन विभाग आहेत : आरोग्य व कुटुंबकल्याण हा एक, आणि २००७ साली निघालेला आरोग्य संशोधन हा दुसरा. आयुर्वेद, होमिओपथी वगैरेंसाठी २०१४ पासून आयुष हे वेगळे मंत्रालय आहे. तांत्रिक सल्ल्यासाठी आरोग्य सेवा महासंचालनालय असते. त्याचे प्रमुख डॉक्टर असतात, हे मला विशेष वाटले.

परंतु मंत्रालयाचा खरा जोर पैशात आहे. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. पुढे ते राष्ट्रीय आरोग्य अभियान झाले. त्याच्या खर्चात महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात. ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांसाठी ९० व १०. पैशाबरोबर मापेही येतात. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० व २०,०००. माप दिल्लीचे, पण उपकेंद्र उघडायचे कोणी? आपल्या राज्यात उपकेंद्रे व प्राथमिक केंद्रे जिल्हा परिषद चालविते. तेव्हा कुलपाबद्दल विचारायचे ते जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख मात्र जिल्हा शल्यचिकित्सक, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणखी तिसऱ्याच खात्याकडे! सामान्य माणसाने कोणाकडे जावे, हे त्याला कोणी सांगतच नाही.

माझी काकू आशा आहे. साधारण १,००० वस्तीमागे एक आशा, हीही केंद्राचीच योजना. नियमाप्रमाणे ती नोकर नव्हे, स्वयंसेविका. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. त्यातला काही भाग केंद्राच्या योजनेचा, काही राज्याने वाढवून दिलेला. कधी एक येतो आणि दुसरा मागे राहतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, म्हणून हिशेबाची वही माझ्यापुढे येते. "अगं, मी नक्की माणूस कोणाची? दिल्लीची का मुंबईची?" असे ती विचारते. माझ्या मते मोबदला दोन्हीकडून आला तरी तो ठरल्या तारखेला देण्याची जबाबदारी एकाच कार्यालयावर असावी, आणि त्याचे नाव तिच्या वहीवर छापलेले असावे.

पंधराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष एन. के. सिंह यांनी आरोग्य हा विषय समवर्ती सूचीत घ्यावा, असे मत मांडले होते. मला ते पटत नाही. विषय दिल्लीकडे सरकला तर कुलपाची तक्रार आणखी लांब न्यावी लागेल. आज निदान ग्रामसभेत ठराव करून तो जिल्हा परिषदेत हातोहात देता येतो, आणि पोच घेता येते.