चंद्रावर सोडलेला तोफेचा गोळा



गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत मी भूमितीचा एक सिद्धांत समजावून देत असतां, मागील बाकावरील एक विद्यार्थी विलक्षण एकाग्रतेनें खालीं पाहत असल्याचें माझ्या दृष्टीस पडलें. भूमितीविषयीं एवढी आस्था मीं फारशी कोठें पाहिली नसल्यामुळें मला संशय आला. जवळ जाऊन पाहतों तों पाठ्यपुस्तकाच्या आड ज्यूल व्हर्न ह्या फ्रेंच कादंबरीकाराची चंद्रप्रवासाची कथा! मीं पुस्तक काढून घेतलें, आणि असल्या मनोराज्यांनीं आजवर कोणाचें कल्याण झालें आहे काय, असा प्रश्न सर्व वर्गादेखत त्यास विचारला. त्यानें उत्तर दिलें नाहीं. त्या प्रश्नास चांगलें उत्तर आहे व तें मला ठाऊकही होतें, हें घरीं गेल्यावर मला आठवलें. तें येथें लिहितों.

व्हर्ननें ही कादंबरी १८६५ सालीं प्रसिद्ध केली. अमेरिकेंतील तोफांचे कांहीं शौकीन फ्लॉरिडा प्रांतांत जमिनींत ९०० फूट खोलीची तोफ ओततात, आणि एका पोकळ गोळ्यांत तीन माणसें बसवून तो चंद्राकडे उडवितात, असें तिचें कथानक आहे. चंद्रावर जाण्याच्या कथा त्यापूर्वींही लिहिल्या गेल्या होत्या. पण त्यांत कोणी स्वप्नांत जातो, तर कोणी हंसांसारखे पक्षी जुंपून जातो. व्हर्ननें मात्र आंकडे दिले. गोळ्याचा वेग सेकंदास १२,००० यार्ड, म्हणजे सुमारें ११ किलोमीटर. आणि पृथ्वीच्या आकर्षणांतून सुटण्यास खरोखरच जवळजवळ तेवढाच वेग लागतो. प्रवाशांस धक्का बसूं नये म्हणून गोळ्याच्या तळाशीं तीन फूट पाणी भरून त्यावर लांकडी तबकडी ठेवण्याची व्यवस्थाही त्यानें केली आहे.

आंकडे दिले कीं ते तपासतां येतात. आपणही तपासून पाहूं. ९०० फूट म्हणजे सुमारें २७५ मीटर. नळीच्या तळाशीं वेग शून्य, तोंडाशीं ११ किलोमीटर. म्हणून सरासरी वेग साडेपांच किलोमीटर. ह्या वेगानें २७५ मीटर जाण्यास सेकंदाचा विसावा भाग लागतो. एवढ्या क्षणांत सेकंदास ११,००० मीटर वेग यावयाचा, तर त्वरण होतें २,२०,०००. आणि पृथ्वीचें गुरुत्वीय त्वरण अवघें ९.८! म्हणजे प्रवाशाचें वजन सुमारें २२,००० पट होणार. साठ किलोग्रॅम वजनाच्या मनुष्यास तेवढा वेळ १,३०० टनांच्या ओझ्याखालीं निजल्यासारखें होईल. तेथें तीन फूट पाण्याची काय कथा! व्हर्नचे वीर चंद्राचें दर्शन घेण्यापूर्वींच, नळीच्या बाहेरही न पडतां, कामास येणार.

हेंच गणित एका मुलानें केलें होतें. हर्मान ओबर्ट हा १८९४ सालीं ट्रान्सिल्व्हेनियांत जन्मला. बारा वर्षांच्या आंतबाहेर असतां हें पुस्तक त्याच्या हातीं आलें, आणि त्यानें तें इतके वेळां वाचलें कीं तें जवळजवळ मुखोद्गत झालें. तोफ निरुपयोगी आहे हें कळल्यावर पुस्तक फेंकून देणें सोपें होतें. ओबर्टनें तसें केलें नाहीं. वेग हळूहळू वाढवील असें साधन कोणतें, हा प्रश्न त्यानें धरून ठेवला. आणि उत्तर निघालें अग्निबाण. मौज अशी कीं अग्निबाण व्हर्नच्याच कथेंत आहेत! चंद्रावर उतरतांना गोळ्याचा वेग कमी व्हावा म्हणून ते त्याच्या बुडाशीं बसविलेले आहेत. ओबर्टनें पुढें ह्या विषयावर प्रबंध लिहिला. १९२२ सालीं हायडेलबर्ग येथें तो पदवीसाठीं मान्य झाला नाहीं. दुसऱ्या वर्षीं त्यानें तो ग्रंथरूपानें छापला, आणि जर्मनींतील तरुणांस अग्निबाणांचें वेड लावलें. स्वतः ओबर्ट मात्र गांवीं शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत राहिला.

रशियांतील कॉन्स्टन्टिन त्सिओल्कोव्स्की हाही शाळामास्तरच. (आमच्या व्यवसायास ह्या गोष्टीचा थोडा अभिमान वाटल्यास क्षमा असावी.) दहाव्या वर्षीं लोहितांग ज्वरानें त्याची श्रवणशक्ति बहुतेक गेली, शाळा सुटली, आणि मॉस्कोच्या ग्रंथालयांत बसून त्यानें आपलें शिक्षण आपणच केलें. कालुगा गांवीं दिवसा मुलांस गणित शिकवून उरलेल्या वेळांत त्यानें अग्निबाणाचें समीकरण मांडलें, आणि द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन जाळून पृथ्वीबाहेर जातां येईल हें १९०३ सालीं प्रसिद्ध केलें. ह्या विचारांचें पहिलें बीज व्हर्ननें पेरलें, असें तो मोकळेपणानें सांगत असे.

तिसरा अमेरिकेंतील रॉबर्ट गॉडार्ड. त्यास सोळाव्या वर्षीं एच. जी. वेल्स ह्याची मंगळावरील स्वारीची कथा वाचावयास मिळाली. १९ ऑक्टोबर १८९९ रोजीं चेरीच्या झाडावर चढून फांद्या छाटीत असतां, मंगळापर्यंत जाणारें यंत्र करतां आलें तर किती बहार होईल, हा विचार त्याच्या मनांत आला. तो दिवस तो जन्मभर पाळीत असे. १९२० सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें त्याची थट्टा केली, कीं शाळेंत रोज शिकविलें जाणारें ज्ञानही ह्या प्राध्यापकापाशीं नाहीं, निर्वात पोकळींत अग्निबाण ढकलणार तरी कशास? (न्यूटनचा तिसरा नियम ज्यांस येतो त्यांनीं संपादकाची चूक स्वतः शोधावी.) १६ मार्च १९२६ रोजीं गॉडार्डचा पेट्रोल व द्रवरूप ऑक्सिजन जाळणारा अग्निबाण अडीच सेकंद उडून ४१ फूट उंच गेला. त्या पत्रानें आपली चूक दुरुस्त केली ती १७ जुलै १९६९ रोजीं, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असतां. गॉडार्ड १९४५ सालींच वारला होता.

हें यानही फ्लॉरिडांतूनच सुटलें, त्यांतही तीनच प्रवासी होते, आणि परततांना तें व्हर्नच्या गोळ्याप्रमाणेंच पॅसिफिक महासागरांत पडलें. ह्या योगायोगाचा फार गवगवा होतो. मला तो तितका महत्त्वाचा वाटत नाहीं. उड्डाण पाहण्यास पंचाहत्तर वर्षांचा ओबर्ट तेथें उपस्थित होता, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

मात्र एक गोष्ट लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. चंद्रापूर्वीं हे अग्निबाण लंडनवर पडले. ओबर्टचा एके काळचा तरुण मदतनीस व्हेर्नर फॉन ब्राउन ह्याच्या देखरेखीखालीं घडलेला व्ही-२ सप्टेंबर १९४४ पासून त्या शहरावर येऊं लागला. आणि भूमिगत कारखान्यांत तो बनविणारे हजारों कैदी कष्टानें व उपासमारीनें मेले. वेल्सच्या कथेंत इंग्लंडवर आकाशांतून संहार उतरतो, तो मंगळावरून. सोव्हिएत व अमेरिकन चंद्रयानांचा वंश ह्याच व्ही-२ पासून सुरू होतो, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

दुसऱ्या दिवशीं मीं त्या विद्यार्थ्यास पुस्तक परत दिलें, आणि वर्गादेखत बोललेले शब्द वर्गादेखतच मागें घेतले. सोबत एक उदाहरण घातलें: त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या चौपटीपेक्षां अधिक होऊं द्यावयाचें नसेल, तर व्हर्नच्या तोफेची नळी किती लांब हवी? शनिवारीं त्यानें भूमितीच्या वहीच्या मागील पानावर उत्तर आणून दाखविलें: सुमारें १,५०० किलोमीटर, मुंबईहून दिल्लीस जाणाऱ्या लोहमार्गापेक्षांही लांब. रीत बरोबर होती. एके ठिकाणीं एकक लिहावयाचें तेवढें राहिलें होतें.