सर्पदंशाचा अर्थ काय?

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें २८:१-१०, लूक १३:१-५

मृगाचा पाऊस पडला म्हणजे खेड्यापाड्यांतील आमच्या बंधुभगिनींच्या मनांत एक जुनें भय पुनः जागें होतें. बिळांत पाणी शिरून सर्प बाहेर पडतात आणि गोवऱ्यांच्या राशींत, पेंढ्यांच्या गंजींत, कधीं अंथरुणापाशींहि आढळतात. हें भय पोकळ नव्हे. इ. स. २००० ते २०१९ या काळांत आपल्या देशांत सुमारें १२ लक्ष माणसें, म्हणजे दरसाल सुमारें ५८,०००, सर्पदंशानें मेलीं असा अंदाज तज्ज्ञांनीं इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होतीं, आणि निम्मे मृत्यु पावसाळ्यांतले होते. म्हणून या भयाविषयीं शास्त्र काय शिकवितें तें या पाठांत पाहूं.

१. मिलिता बेटावरील लोकांनीं काय म्हटलें?

तारूं फुटून पौल व त्याचे सोबती, एकंदर २७६ जण, मिलिता म्हणजे आजच्या माल्टा बेटावर पोहोंचले. पाऊस होता, थंडी होती. बेटावरील लोकांनीं ममतेनें विस्तव पेटविला. पौल प्रेषित होता, तरी तो बसून राहिला नाहीं. त्यानें काटक्या गोळा करून आणिल्या. त्याच काटक्यांतून सर्प निघाला व त्याच्या हाताला विळखा घालून राहिला. वाचकहो, हें ध्यानांत घ्या : हें संकट पौलावर पाप करतांना आलें नाहीं, इतरांस ऊब मिळावी म्हणून काम करतांना आलें.

परंतु लोकांनीं लगेच निकाल दिला, कीं हा कोणी खुनी असावा, समुद्रांतून सुटला तरी न्याय यास सोडीत नाहीं. पुढें तो मेला नाहीं असें पाहून तेच लोक म्हणूं लागले, कीं हा देव आहे. दोन्ही निकाल चुकीचे होते. सर्पाच्या दंशावरून माणसाचें अंतःकरण वाचतां येत नाहीं.

२. आपण काय म्हणतों?

आम्हांस ठाऊक असलेल्या एका मंडळींत एक विधवा बहीण तिन्हीसांजां गोवऱ्या काढीत असतां तिच्या हातास सर्प डसला. शेजारीपाजारी म्हणाले, घरचे देव सोडले त्याचें हें फळ. हें ऐकून विश्वासणाऱ्यांस वाईट वाटलें. परंतु त्यांच्यांतलेच कोणी म्हणाले, दोन रविवार ती उपासनेस आली नव्हती, म्हणून प्रभूनें तिला शिक्षा केली. प्रिय बंधूंनो, या दोन बोलण्यांत अंतर तें काय? नांव तेवढें निराळें, वृत्ति एकच. ती बाई दोन रविवार खुरपणीच्या मजुरीस गेली होती, कारण घरांत दाणा नव्हता. आणि हें विचारावयास तिच्या दारीं कोणी गेलें नव्हतें.

शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, त्यांविषयीं प्रभु येशूनें स्पष्ट सांगितलें, कीं तीं यरुशलेमांतील इतर सर्वांपेक्षां अधिक पापी नव्हतीं. आणि ऐकणाऱ्यांनीं स्वतःच पश्चात्ताप करावा. दुसऱ्याचें संकट हें आपणांस त्याचें पाप मोजण्यासाठीं दिलेलें माप नव्हे. कोणी म्हणेल, अरण्यांत इस्राएल लोकांवर सर्प आले तें शासन नव्हतें काय? होतें, परंतु तेथें शास्त्र स्वतः तसें सांगतें. आपल्या शेजाऱ्याविषयीं असें वचन कोणास मिळालें आहे?

३. मंत्र नको आणि देवाची परीक्षाहि नको

मांत्रिकाच्या हातून माणसें बरीं होतात असें पुष्कळजण सांगतात. याचें कारण असें, कीं बहुतेक जातींचे सर्प बिनविषारी असतात, आणि विषारी सर्पहि कधीं कधीं चावतो पण विष सोडीत नाहीं. असा मनुष्य मंत्रावांचूनहि जगला असता. उलट मण्यार रात्रीं निजलेल्यास डसते तेव्हां फारसें दुखत नाहीं. कांहीं तासांनीं पापण्या जड होतात, श्वास कोंडतो. मांत्रिकाच्या दारीं गेलेला वेळ तोच प्राण घेतो.

दुसरा मोह धार्मिक वेषानें येतो : आम्ही केवळ प्रार्थना करूं, दवाखाना नको. मंदिराच्या शिखरावर सैतानानें प्रभूस स्तोत्र ९१ मधील अभिवचन दाखवून उडी घे म्हटलें, तेव्हां प्रभूनें देवाची परीक्षा पाहण्याचें नाकारिलें. पौलानें सर्प मुद्दाम हातीं धरला नव्हता. शिवाय त्याच्या बरोबर लूक होता, आणि त्यास पौल स्वतः प्रिय वैद्य म्हणतो.

तसेंच गळ्यांत ख्रुस किंवा शास्त्राचें पान ताइताप्रमाणें बांधूं नये. मोशेनें केलेला पितळी सर्प देवाच्या आज्ञेचा होता. तरी लोक त्यापुढें धूप जाळूं लागले तेव्हां हिज्कीया राजानें तो फोडून टाकिला.

४. त्या वेळीं काय करावें?

नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारांच्या विषावर एकच औषध चालतें. तें घोड्यांच्या रक्तापासून तयार होतें, व मुंबईच्या हाफकिन संस्थेनें तें पुष्कळ वर्षें तयार केलें आहे. तें दवाखान्यांतच टोंचून घ्यावें लागतें. म्हणून उपदेशकांनीं मंडळीस पुढील गोष्टी शिकवाव्या :

रोग्यास धीर द्यावा व चालूं देऊं नये. डसलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणें काठीशीं सैल बांधून स्थिर ठेवावा. बांगड्या, अंगठ्या, जोडवीं लगेच काढावीं. जखम कापूं नये, चोखूं नये, दोरी आवळूं नये. सर्पाच्या मागें लागूं नये. १०८ या क्रमांकावर दूरध्वनि करून, किंवा मिळेल त्या वाहनानें, सरकारी दवाखाना गांठावा. रात्रीं विजेरी व काठी घेऊन फिरावें, आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखालीं खोंचून निजावें.

वरील बहिणीच्या बाबतींत तेथील उपदेशकानें हेंच केलें. लोक कारणें शोधीत होते तेव्हां त्यानें जीप शोधिली. वाटेनें तो तिचा हात काठीसह धरून प्रार्थना करीत राहिला. ती वांचली. परंतु ती न वांचती तरी तिचा विश्वास खोटा ठरला नसता आणि त्या उपदेशकाचें कर्तव्य कमी झालें नसतें. विश्वासणारेहि सर्पदंशानें मरतात. मरणांतहि ते प्रभूचेच असतात.

म्हणून सर्प कां आला, याचा अर्थ शोधीत बसूं नका. डसलेल्या मनुष्याकडे पाहा. तुम्हांस जो अर्थ शोधावयाचा तो तेथें आहे. पौलानें सर्प झटकून टाकिला आणि ज्या लोकांनीं त्यास खुनी म्हटलें होतें त्यांच्याच आजाऱ्यांची सेवा केली. तापानें व आमांशानें पडलेल्या पुब्ल्याच्या पित्यासाठीं प्रार्थना करून त्यावर हात ठेविले. भयानंतर पौलाच्या हातून जें झालें तें आपल्याहि हातून होवो.

घरीं विचार करण्यासाठीं प्रश्न :

(१) आपल्या गांवाहून औषध मिळेल असा जवळचा दवाखाना कोणता, व रात्रीं तेथें कसें जावें?

(२) गेल्या वर्षीं कोणाच्या संकटाविषयीं आपण न विचारतां निकाल दिला?

(३) जो दोन रविवार उपासनेस आला नाहीं, त्याच्या घरीं या आठवड्यांत कोण जाईल?